किलकेनीला जाताय? एक रात्र तरी राहा

डब्लिनहून सहलीच्या बसने किलकेनीला जाणाऱ्यांना तिथे दीड-दोन तास मिळतात. किल्ल्यासमोर उतरवतात, घड्याळ दाखवतात आणि परत गोळा करतात. माझी पहिली फेरी अशीच झाली. अर्धा किल्ला, एक आइस्क्रीम आणि स्वच्छतागृहाची रांग, एवढंच पाहून परतले. दुसऱ्या वेळी मुक्काम केला तो नेमका शनिवारी, त्यामुळे रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. तिसऱ्यांदा आई-बाबा सांगलीहून आले होते, तेव्हा कुठे ही फेरी जमली. पहिल्या दोन वेळच्या चुका तुमच्याकडून होऊ नयेत म्हणून हे सगळं लिहून ठेवतेय.

कागदोपत्री किलकेनी १६०९ च्या सनदेपासून ‘शहर’ आहे, पण मुळात आहे तालुक्याच्या गावाएवढंच. नोर नदीच्या काठी एका टोकाला किल्ला, दुसऱ्या टोकाला कॅथेड्रल आणि दोन्हींच्या मध्ये जेमतेम मैलभर रस्ता. पाहण्यासारखं बहुतेक सगळं या मैलातच येतं. म्हणून अंतराची चिंता करू नका. इथे माणूस फसतो तो वार, वेळ आणि क्रम चुकला की.

१. तारखेआधी वार ठरवा

सोमवार ते गुरुवार यातलेच दोन दिवस निवडा. शुक्रवार-शनिवारी आयर्लंडभरातून लग्नाआधीच्या पार्ट्यांचे घोळके इथे येतात. गुलाबी पट्टे घातलेल्या मैत्रिणींचा एक घोळका आणि एकसारखे टी-शर्ट घातलेल्या मित्रांचा दुसरा. माणसं बिचारी सज्जन असतात, पण पहाटे अडीचला गाणी म्हणतात. त्यात खोल्यांचे भावही चढलेले.

सोमवारची सुट्टी जोडून येणारे शनिवार-रविवार तर टाळाच. मे, जून आणि ऑगस्टचे पहिले सोमवार आणि ऑक्टोबरचा शेवटचा सोमवार इथे सुट्टीचे असतात. त्या सुमारास विनोदाचा किंवा खाण्याचा असा काहीतरी उत्सव गावात असतोच. ऑगस्टमधला कला महोत्सव दहा दिवस चालतो. उत्सवासाठीच जायचं असेल तर मजा आहे, मात्र खोली काही महिने आधीच धरा.

महिना म्हणाल तर मे किंवा सप्टेंबर. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो. डिसेंबरात सव्वाचारलाच अंधारतं आणि काही ठिकाणं हिवाळ्यात मोजकेच दिवस उघडी असतात.

२. कागदपत्रं आणि सामान

भारतातून कोणी येणार असेल तर एक गोष्ट आधीच पक्की समजून घ्या: शेंगेन व्हिसावर आयर्लंडमध्ये प्रवेश मिळत नाही. पॅरिस-रोम करून तसंच पुढे डब्लिनला येऊ, असं ठरवणारी मंडळी दरवर्षी भेटतात. ब्रिटिश व्हिसा चालतो, पण तो दोन्ही देशांच्या ठरावीक संयुक्त योजनेत बसत असेल तरच. एरवी आयर्लंडचा स्वतंत्र व्हिसा लागतो. अर्ज ऑनलाइन भरायचा आणि कागद भारतातल्या केंद्रात द्यायचे. सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, तुमचं निमंत्रणपत्र, तुमच्या पासपोर्टची आणि आयआरपी कार्डाची (इथल्या राहण्याच्या परवान्याची) प्रत आणि परत जाण्याची कारणं दाखवणारे कागद, हा त्यातला मुख्य भाग. खात्यात अलीकडेच मोठी रक्कम आली असेल तर ती कुठून आली, हे एका कागदावर लिहून जोडा.

किलकेनीपुरतं हे जवळ असू द्या:

- ओळखपत्र. ज्येष्ठ नागरिक आणि विद्यार्थी यांना तिकिटात सवलत असते, पण वय किंवा कॉलेज दाखवावं लागतं.
- हेरिटेज कार्ड. सरकारी देखरेखीखालच्या वास्तू वर्षभर या एका कार्डावर पाहता येतात. किलकेनीचा किल्ला, डनमोर गुहा आणि जेरपॉइंट ॲबी तिन्ही त्यात येतात. वर्षात चार-पाच ठिकाणं होणार असतील तरच घ्या. कॅथेड्रल आणि रोथ हाउसला ते चालत नाही.
- टोपीचं रेनकोट जॅकेट. छत्री आणू नका. आईची सांगलीहून आणलेली छत्री नदीवरच्या पुलावर पहिल्याच झोतात उलटी झाली आणि तिथल्याच कचरापेटीत गेली.
- तीन चौकोनी पिनांचा ॲडॉप्टर. आपली गोल पिन इथल्या सॉकेटात जात नाही, पेन्सिल खुपसून तर मुळीच नाही.
- चहाचा मसाला. खोलीत किटली असतेच.

३. जायचं कसं

रेल्वे सगळ्यात सोयीची. डब्लिनच्या ह्यूस्टन स्टेशनवरून वॉटरफर्डची गाडी पकडायची आणि दीडेक तासात ‘किलकेनी मॅकडोना’ला उतरायचं. ह्यूस्टन आणि कॉनोली ही दोन वेगळी स्टेशनं आहेत, टॅक्सीवाल्याला नाव नीट सांगा. ट्रामने जायचं तर लाल लाइन धरा.

तिकीट आधीच ऑनलाइन काढा. बहुतेक वेळा खिडकीपेक्षा स्वस्त पडतं आणि जागाही राखीव मिळते. डब्लिनमध्ये जे लीप कार्ड टॅप करत फिरता ते या गाडीला चालत नाही. विद्यार्थ्यांच्या लीप कार्डावर सवलतीचं तिकीट मिळतं, पण ते तिकीट वेगळं काढावंच लागतं.

पुढे वॉटरफर्डला जाणाऱ्यांसाठी एक सूचना. किलकेनी स्टेशनात गाडी शिरते आणि निघताना उलट्या दिशेने निघते. ‘अगं, परत डब्लिनला चाललो की काय?’ म्हणत बाबा उठून उभे राहिले होते. घाबरू नका, रुळांची रचनाच तशी आहे.

स्टेशनला लागून एक शॉपिंग सेंटर आहे. जाता जाता तिथे दहा मिनिटं थांबा, कारण त्याच्या जुन्या दगडी इमारती म्हणजे १८४२ साली उघडलेलं वर्कहाउस, गरिबांना कामाच्या बदल्यात निवारा देणारी संस्था. बटाट्याच्या दुष्काळात इथे माणसं किड्यामुंगीसारखी मेली. २००६ साली बांधकामाआधीच्या उत्खननात सुमारे ९७० जणांचे सांगाडे सापडले, त्यातले निम्म्याहून जास्त मुलांचे. आता बाजूला छोटी स्मृतिबाग आहे. सहलीच्या बसमधून येणाऱ्यांना ती दिसतही नाही.

४. राहायची जागा

जॉन स्ट्रीट टाळा. स्टेशनवरून गावात येताना हाच रस्ता लागतो, हॉटेलं दिसतात आणि मोह होतो. पण रात्रीचे पब आणि नाइट क्लब बरेचसे याच रस्त्यावर आहेत. माझी ती जागरणाची शनिवारची रात्र इथलीच. खोलीत कानात घालायचे बोळे ठेवले होते, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

दोन-तीन जणांना बी अँड बी किंवा गेस्टहाउस बरं. म्हणजे कोणाच्या तरी घरातली खोली आणि सकाळचा नाश्ता. खिसा सैल असेल तर किल्ल्यासमोरच्या बटलर हाउसचा विचार करा. किल्ल्यातल्या विधवा सरदारणींसाठी बांधलेला हा जॉर्जियन वाडा आता हॉटेल आहे आणि मागे सुंदर बाग आहे.

खोली धरण्याआधी हे विचारा:

- जिना किती? जुन्या घरांना लिफ्ट नसते. शिवाय इथला ‘फर्स्ट फ्लोअर’ म्हणजे आपला पहिला मजलाच, तळमजला नव्हे.
- डबल की ट्विन? डबल म्हणजे एकच पलंग, ट्विन म्हणजे दोन. दोन मैत्रिणी जाणार असाल तर हा फरक रात्री अकराला कळून उपयोग नाही.
- चेक-इन किती ते किती? घरमालकीण एकटीच असते आणि तिलाही बाजारहाट असतो. उशीर होणार असेल तर फोन करा.
- सकाळी खोली सोडल्यावर बॅग ठेवता येईल का? बहुतेक जण हो म्हणतात.

आणि आता आंघोळ. बाबा पहिल्या सकाळी पंधरा मिनिटं गार पाण्याखाली कुडकुडत उभे होते. बऱ्याच घरांत विजेचा शॉवर असतो आणि त्याचं मुख्य बटण म्हणजे छताला लोंबणारी एक दोरी. ती एकदा खाली ओढायची, वर लाल दिवा लागतो, मग शॉवरचं बटण दाबायचं. बाबांना ती दोरी दिसली होती, पण त्यांना वाटलं धोक्याची घंटा आहे.

५. सुरुवात कॅथेड्रलपासून करा

सगळे किल्ल्यापासून सुरू करतात, तुम्ही उलट करा. सकाळी सेंट कॅनिस कॅथेड्रल गाठा. गावाचं नावच या कॅनिसवरून पडलंय. आयरिशमध्ये ‘किल’ म्हणजे चर्च. या भागाला आजही आयरिशटाउन म्हणतात. तटाच्या आत इंग्रज वस्ती आणि ओढ्यापलीकडे आयरिश, अशी गावाची जुनी वाटणी होती. १३६६ साली याच गावात इंग्रजांनी कायदे केले: आपल्या माणसांनी आयरिश भाषा बोलायची नाही, आयरिश घरात सोयरीक करायची नाही, हर्लिंग खेळायचं नाही. पुढे काय झालं ते बघा. काठी आणि चेंडूच्या या हर्लिंगमध्ये किलकेनी परगण्याने अखिल आयर्लंड अजिंक्यपद ३६ वेळा जिंकलंय, इतकं कोणीच नाही. दुकानादुकानांत दिसणारे काळे-पिवळे पट्टे त्यांच्याच जर्सीचे.

आयरिशटाउनमधून १६१४ सालच्या दगडी पायऱ्या चढून वर आलात की आधी दिसतो गोल मनोरा. तेराव्या शतकातल्या कॅथेड्रलपेक्षा तो कितीतरी जुना, साधारण ३० मीटर उंच. आयर्लंडमध्ये असे मनोरे पुष्कळ आहेत, पण आत चढू देणारे अगदी मोजके. आत शंभरावर पायऱ्या, त्याही उभ्या लाकडी शिड्यांवर, एका वेळी एकच माणूस जाईल इतक्या अरुंद. पाठीवरची बॅग खाली ठेवा. गुडघ्यांची तक्रार असेल तर हट्ट करू नका. लहान मुलांना वर सोडत नाहीत आणि पाऊस-वारा असेल तर मनोरा बंद असतो, म्हणून हवा चांगली असेल तर हे काम पहिलं उरका. आई-बाबा खाली बाकावर बसले आणि मी एकटी वर गेले. वरून पलीकडच्या टोकाचा किल्ला आणि मधली कौलं-धुराडी एका नजरेत येतात. दिवसभराचा नकाशाच मिळतो.

कॅथेड्रलमध्ये पिअर्स बटलर आणि मार्गारेट या सरदार जोडप्याची काळ्या दगडातली समाधी शोधा. दोघं शेजारी शेजारी पहुडलेली. हा चकचकीत काळा दगड म्हणजे इथला चुनखडीच, पण ‘काळा संगमरवर’ म्हणून विकला गेला आणि गावाला ‘मार्बल सिटी’ नाव मिळालं.

६. मधला मैल

इथे घाई करू नका. वाटेत डावी-उजवीकडे बघत या.

ब्लॅक ॲबी हे १२२५ सालचं डॉमिनिकन चर्च. तिकीट नाही, पण आजही प्रार्थना चालते, तेव्हा आत हळू बोला. मोठ्या रंगीत काचेच्या खिडकीसमोर दुपारच्या उन्हाच्या वेळी बसायला मिळालं तर नशीब.

रोथ हाउस मात्र चुकवू नका. मराठी माणसाला ते समजावून सांगावं लागत नाही. १५९४ साली एका व्यापाऱ्याने बांधायला घेतलेलं हे घर म्हणजे अक्षरशः चौकांचा वाडा: रस्त्याकडे दुकानाची ओसरी, मग घर, चौक, दुसरं घर, चौक, तिसरं घर आणि मागे पार तटापर्यंत बाग. ‘आपल्या नानांच्या वाड्यात आड होता, इथे कुठेय?’ म्हणून आईने शोध सुरू केला.

पार्लमेंट स्ट्रीटवर एका लाल बिअरचं प्रदर्शन आहे. स्मिथविक हे नाव तसं उच्चारलंत की कोणीही ओळखेल परदेशी म्हणून. इथे ‘स्मिडिक्स’ म्हणतात. १७१० पासून बिअर इथेच बनायची, आता कारखाना हलवलाय आणि फक्त कहाणी उरलीय. बिअरची आवड असेल तर जा, नसेल तर काही बिघडत नाही.

हाय स्ट्रीटवर थोल्सेल ही १७६१ ची नगरपालिकेची इमारत फुटपाथवर कमानी टाकून उभी आहे. पाऊस आला की सगळं गाव त्याखाली जमतं. तिथून जवळच बटर स्लिप नावाचा बोळ पायऱ्यांनी खाली उतरतो. पूर्वी तिथे लोणी विकायला बसायचे. या बोळातून खाली आलात की सेंट किअरन स्ट्रीटवर काइटलर्स इन लागतं.

तिथे बसून आई-बाबांना ॲलिस काइटलरची गोष्ट सांगितली. चौदाव्या शतकातली श्रीमंत सावकारीण, एकामागून एक चार नवरे. सावत्र मुलांनी विषप्रयोगाचा आळ घेतला, बिशपने चेटकीण ठरवलं. १३२४ साली ॲलिस पळून गेली आणि तिची दासी पेट्रोनिला हिला फटके मारून जाळलं. आईने सूपचा चमचा खाली ठेवला. ‘म्हणजे पैसेवाली सुटली आणि मोलकरीण जळाली. वेगळं काय?’

७. किल्ला शेवटी

दुपारनंतर किल्ल्यात शिरा. त्याआधी मनातली रायगड-प्रतापगडाची चित्रं पुसून टाका. चढण नाही, माची नाही, बालेकिल्ला नाही. बाबा दारातच म्हणाले, ‘हा किल्ला नव्हे, हा वाडा आहे.’ आणि ते बरोबरच होतं. सुरुवात बाराव्या-तेराव्या शतकातल्या गढीची, पण १३९१ साली बटलर घराण्याने विकत घेतल्यावर साडेपाचशे वर्षांत त्याचा महाल होत गेला. चारपैकी एक बुरूज आणि एक बाजू गायब आहे, १६५० च्या इंग्रज सेनापती क्रॉमवेलच्या वेढ्यात गेली. म्हणून चौक बागेकडे सताड उघडा दिसतो.

बटलर म्हणजे खानसामा नव्हे, निदान मुळात नव्हे. राजाच्या मद्याची व्यवस्था पाहण्याचा मान आणि बंदरात उतरणाऱ्या द्राक्षमद्यातला हक्काचा वाटा, असं हे वतन होतं. वतनाचंच आडनाव झालं, देशमुख-कुलकर्ण्यांसारखं.

आत चित्रांचं लांबलचक दालन शेवटी येतं. तिथे भिंतींपेक्षा वर बघा: लाकडी छतावर वेलबुट्टी आणि पशुपक्षी रंगवलेत. १९३५ साली घराण्याने मुक्काम हलवला, सामान लिलावात गेलं आणि १९६७ मध्ये किल्ला गावाला दिला तो ५० पौंडांत. यावर बाबा बराच वेळ विचारात पडले. ‘वाटण्या नाहीत, कोर्टकचेरी नाही. शहाणा माणूस.’

शेवटचा प्रवेश बंद होण्याच्या बराच आधी असतो, वेळ त्याच दिवशी तपासा. मागचं उद्यान मात्र विनातिकीट. खाली नदीकाठची पायवाट सायंकाळी जरूर चाला, किल्ला तिथूनच खरा उंच दिसतो.

८. जेवणाचं

आयरिश नाश्त्याच्या ताटात डुकराचं मांस तीन-चार रूपांत येतं. काळी गोल चकती म्हणजे ब्लॅक पुडिंग, त्यात रक्त असतं. पांढरी चकती निरुपद्रवी दिसते, पण तीही मांसाचीच. शाकाहारी असाल तर आदल्या रात्री सांगा; अंडी, मशरूम, टोमॅटो, बीन्स आणि पॉरिज आनंदाने देतात.

दुपारी सूप आणि ब्राउन ब्रेड हा हमखास उपाय. फक्त ‘व्हेजिटेबल सूप’ म्हटलं तरी पाणी कोंबडीचं असू शकतं, तेव्हा स्टॉक कशाचा ते विचारा. कॉलकॅनन दिसलं तर मागवा: कुस्करलेला बटाटा, केल किंवा कोबी आणि वर लोण्याचं तळं. आईने त्यावर डब्यातली शेंगदाण्याची चटणी भुरभुरली आणि मगच पसंती दिली. किल्ल्यासमोरच्या जुन्या तबेल्यात हस्तकलेचं डिझाइन सेंटर आहे. त्याच्या वरच्या मजल्यावरही दुपारचं जेवण चांगलं मिळतं.

रात्रीचं जेवण आपल्या वेळेवर मिळेल अशा भ्रमात राहू नका. नऊच्या सुमारास बरीच स्वयंपाकघरं बंद होतात. पाच ते सातमध्ये ‘अर्ली बर्ड’ मेनू स्वस्त पडतो. पबमध्ये मुलं बरोबर असतील तर नऊनंतर, आणि मे ते सप्टेंबर दहानंतर, १८ वर्षांखालच्यांना बसू देत नाहीत. हा कायदा आहे, त्यावर वाद घालू नका. संगीत साधारण तेव्हाच रंगायला लागतं, हे दुर्दैव. पाणी मागताना ‘टॅप वॉटर’ म्हणा, नाहीतर बाटलीचं बिल येईल. टीप दहा टक्के पुरे.

९. दुसरा दिवस

गाडी नसेल तर रेल्वेने पुढच्याच स्टेशनवर, थॉमसटाउनला जा. तिथून जेरपॉइंट ॲबी अडीचेक किलोमीटरवर आहे. बाराव्या शतकातला हा मठ. ओवरीच्या खांबांवर कोरलेल्या माणसांचे चेहरे बघत तास जातो.

गाडी असेल तर केल्सचा मठ. जीपीएसमध्ये पत्ता टाकताना जपा. प्रसिद्ध हस्तलिखितामुळे ज्याचं नाव सगळ्यांना माहीत असतं ते केल्स मीथ परगण्यात, डब्लिनच्या वायव्येला आहे. आपल्याला हवं ते किलकेनीच्या दक्षिणेला, अर्ध्या तासाच्या आत. इथे तिकीट नाही, पहारेकरी नाही, दुकान नाही. कुरणात ११९३ साली स्थापन झालेला मठ, भोवती दगडी तट आणि तटावर बुरूज. बाबांनी तटाला हात लावला, एका बुरुजाच्या जंग्यांतून बाहेर डोकावून पाहिलं आणि हाक मारली, ‘अगं ये, किल्ला इथे आहे!’

पायात बूट घाला, लेंड्यांचा सडा असतो. आणि फाटक मागे लावून घ्या, मेंढ्या बाहेर येतात.